रोजकीर्द, खतावणी आणि काही बुडीत पुस्तकं

वर्ष संपत आलं की वाचणाऱ्या माणसांना मोजायची खुमखुमी येते. यंदा किती झाली? चोवीस, छत्तीस, बावन्न. आकडा मोठा असला तर तो चारचौघांत सांगितला जातो. लहान असला तर ‘यंदा जाड पुस्तकं वाचली’ अशी पुस्ती जोडली जाते. कादंबऱ्यांच्या बाबतीत ही मोजणी खपून जाते. कादंबरी वाचली, आवडली किंवा नाही आवडली. तिच्यातून ‘निघालं काय’ हे विचारणं अरसिकपणाचं. पण इतिहास, विज्ञान, अर्थकारण, समाजशास्त्र, चरित्र अशी ललितेतर पुस्तकं काहीतरी दावा करत असतात. अमुक घडलं ते तमुक कारणानं, असं छातीठोकपणे सांगत असतात. तो दावा आपल्याला नीट कळला का, कळला तर डोक्यात राहिला का, आणि राहिला असेल तर मुळात तो खरा होता का, यांतल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर ‘छत्तीस’ असं देता येत नाही.

जुन्या हिशेबनिसांकडे या कामासाठी नेमके शब्द आहेत. जे घडेल ते घडेल त्या क्रमानं लिहायचं, ती रोजकीर्द. तिच्यातल्या नोंदी उचलून ज्या त्या खात्यावर चढवायच्या, ती खतावणी. आणि वर्षअखेरीस येणं एका बाजूला, देणं दुसऱ्या बाजूला मांडायचं, तो ताळेबंद. वाचून झालेल्या पुस्तकांची यादी ही फार तर रोजकीर्द झाली. बहुतेकांचा हिशेब तिथेच थांबतो आणि त्यालाच ताळेबंद म्हणण्याची पद्धत पडून गेली आहे.

खरा ताळेबंद मांडायला बसायचं तर पुस्तकं आणि टिपणवही दोन्ही नजरेआड ठेवावीत. समोर फक्त यादी हवी, आणि तीत अर्धवट सोडलेलीही हवीत. एकेका पुस्तकाला आठ मिनिटं. पाव पानात चार गोष्टी लिहायच्या: लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात, त्याच्या बाजूनं दिलेले दोन सर्वांत भक्कम पुरावे, त्यावर घेता येईल असा एक आक्षेप, आणि हे वाचल्यावर आपलं कुठलं मत हललं. वीस पुस्तकं असली तर दोन तास चाळीस मिनिटं होतात. एका बैठकीत करू नये, दहाव्या पुस्तकानंतर हात आपोआप ‘माहितीपूर्ण’, ‘विचारप्रवर्तक’ असली विशेषणं लिहायला लागतो आणि ती न आठवण्याची लक्षणं असतात. दोन बैठका कराव्यात. सगळं लिहून झाल्यावरच वही आणि पुस्तकं उघडायची, आणि चुका वेगळ्या शाईनं दुरुस्त करायच्या.

वेगळ्या शाईचा मजकूर नेहमीच जास्त निघतो. शिकण्यासारखं असतं ते चुकांचे प्रकार पाहण्यात, कारण ते ठरलेले आहेत. सर्वांत पहिला म्हणजे गोष्ट राहते आणि युक्तिवाद जातो. आजकालची बरीच माहितीपर पुस्तकं प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एखाद्या माणसाच्या किश्शानं करतात: कुणी वैमानिक, कुणी शल्यविशारद, कुणी बुद्धिबळपटू. सहा महिन्यांनी तो वैमानिक चेहऱ्यासकट आठवतो, पण तो कशाचा पुरावा म्हणून आणला होता ते पार पुसलेलं असतं. दुसरा प्रकार गल्लतीचा. मुद्दा बरोबर आठवतो, पण एका पुस्तकातला दुसऱ्याच्या नावावर चढतो. लागोपाठ वाचलेल्या एकाच विषयावरच्या पुस्तकांत हे हमखास होतं. तिसरा प्रकार आकड्यांचा. एखाद्या आजाराचं प्रमाण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेलं, तर ही वाढ शंभर माणसांमागे एका माणसाची. पण तीच वाढ ‘३३ टक्क्यांनी’ अशीही सांगता येते, आणि स्मरणात राहते ती दुसरी, कारण ती दचकवते. चौथा प्रकार सर्वांत खोडसाळ आहे. आपलं आधीपासूनचं मत आपण नकळत लेखकाच्या तोंडी घालतो. पुस्तक उघडून बघावं तर लेखकानं ते मत मांडलेलं असतं खरं, पण खोडून काढण्यासाठी.

हे का होतं यावर बरंच काम झालेलं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे अगदी चपखल बसतो. विद्यार्थ्यांना छोटे माहितीपर उतारे दिले. एका गटानं चारही सत्रांत तो उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, कागद न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं तपासलं तेव्हा पारडं उलटलं: वाचणारे ४० टक्क्यांवर, लिहून काढणारे ६१ टक्क्यांवर. गंमत पुढेच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असं आधी विचारलं, तेव्हा सर्वाधिक विश्वास होता तो नुसतं वाचणाऱ्यांना. पुस्तक मिटताक्षणी जी ‘कळलं बुवा’ अशी भावना येते ती ओळखीची भावना असते. रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसलीच.

म्हणून पुस्तकाची नोंद ते संपवल्यासंपवल्या लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता लिहावं, मग उघडून तपासावं. त्या रात्रीत जे गळून गेलं ते तसंही राहणार नव्हतं, आणि जे गेलं ते कळल्यामुळे नेमक्या त्याच पानांकडे परत जाता येतं.

विस्मरणाचा विषय निघाला की जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसचा, दिवसागणिक किती विसरतो ते दाखवणारा आलेख पुढे येतोच, आणि ‘एका दिवसात माणूस दोनतृतीयांश विसरतो’ हे वाक्य फेकलं जातं. हे वाक्य म्हणजे ललितेतर वाचनात काय बिघडतं याचा उत्तम नमुना आहे. एबिंगहाउसनं १८८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अभ्यासलेला माणूस एकच होता, तो स्वतः. पाठ केली ती निरर्थक अक्षरं. आणि मोजलं ते ‘किती आठवतं’ हे नव्हे, तर विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात हे. ही बचत वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानं ३४च्या आसपास, एकतीस दिवसांनी २१. काम अस्सल आहे. २०१५मध्ये ते पुन्हा करून पाहिलं गेलं आणि आलेख तसाच आला. पण निरर्थक अक्षरांचा नियम एखाद्या क्रांतीच्या इतिहासाला लावता येत नाही. अर्थ असलेला मजकूर सावकाश विसरतो. पाच पुस्तकांत हा आलेख वाचला आणि एकाही लेखकानं ‘बचत’ हा शब्द वापरला नसेल, तर त्या पाचांपैकी किती जणांनी मूळ काम उघडून पाहिलं असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

आता वेळेचं गणित, कारण ‘वर्षाला पन्नास’चे संकल्प याच गणितावर फसतात. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी: इंग्रजीतलं ललितेतर गद्य प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला २३८ शब्दांच्या गतीनं वाचतो, ललित २६०च्या. ऐंशी हजार शब्दांचं, म्हणजे साधारण तीनशे पानांचं पुस्तक या हिशेबानं साडेपाच तासांत संपायला हवं. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला १८२ तास, म्हणजे बत्तीस पुस्तकं. कागदावर सगळं छान जमतं. प्रत्यक्षात मागची पानं उलटणं, नकाशा शोधणं, तक्ता समजून घेणं, टिपण करणं, दुसऱ्या दिवशीची तपासणी हे सगळं धरलं की तेच पुस्तक नऊ-दहा तास खातं आणि बत्तीसची अठरा होतात. अठरा हा चांगला आकडा आहे. हा आकडा वाढवायला शीघ्रवाचनाच्या मागे लागू नये. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेल्या संशोधकांनी २०१६मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा घेतला, आणि गती वाढवली की समज कमी होते, यातून सुटका नाही, असाच निष्कर्ष काढला.

आणि हे २३८ जसेच्या तसे मराठीला लावू नयेत. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द आहेत. इंग्रजीत तेवढ्याचेच आठ होतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याचे मिनिटाचे शब्द कमी भरतात आणि तो मंद ठरतो, जे खरं नाही. आपली गती शब्दांत मोजण्यापेक्षा पानांत मोजावी. हातातल्या पुस्तकाची सुरुवातीची, मधली आणि शेवटाकडची अशी दहा-दहा मिनिटं घड्याळ लावून वाचावीत आणि सरासरी घ्यावी. सुरुवातीचीच दहा मिनिटं धरली तर फसवणूक होते, प्रस्तावना नेहमी भरभर जाते.

मागची पानंही वजा करायची असतात. टिपा, संदर्भसूची, नामसूची यांनी गंभीर पुस्तकाचा पाचवा हिस्सा सहज व्यापलेला असतो. ई-वाचकावर ७८ टक्क्यांना पुस्तक अचानक संपतं ते यामुळे. ऐकायच्या पुस्तकांत तर हा पाचवा हिस्सा नसतोच. निवेदक मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द वाचतो, त्यामुळे ऐंशी हजार शब्दांना जवळजवळ नऊ तास लागतात. चरित्र आणि प्रवास यांना हे माध्यम झकास, तक्ते असलेल्या अर्थशास्त्राला निरुपयोगी.

पेन्सिलीबद्दल थोडं सविस्तर. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात ओळी अधोरेखित करणं आणि नुसतं पुन्हा वाचणं या दोन्ही सर्वांच्या आवडत्या पद्धती तळाच्या गटात गेल्या; स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतरानं विभागणं या वरच्या गटात आल्या. कारण कळण्यासारखं आहे. ओळ अधोरेखित करताना हात चालतो आणि डोक्याला सुट्टी मिळते. पिवळ्याधमक पानांचं पुस्तक वर्षअखेरीस उघडावं तर त्यातलं महत्त्वाचं काय ते शोधायला ते पुन्हा पूर्ण वाचावं लागतं.

यापेक्षा बरी पद्धत जुन्या वाचकांच्या पुस्तकांत दिसते: शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची. पान क्रमांक आणि त्यापुढे दोन-तीन शब्द, बस. ‘११४ – करवसुलीचे आकडे’, ‘२०३ – इथे पुरावा कच्चा’. तीनशे पानांच्या पुस्तकाला अशा पंधरा ते पंचवीस नोंदी पुरतात. चाळीस झाल्या तर आपण निवड करायची सोडली असं समजावं. पाचच्या आत राहिल्या तर एक तर पुस्तक पोकळ आहे किंवा आपण. ओळींवर रेघ मारायचीच तर पानाला एक, आणि तीही पान पूर्ण वाचून झाल्यावर, कारण परिच्छेदाचं पहिलं वाक्य नेहमी महत्त्वाचं वाटतं आणि चौथं वाक्य येऊन त्याची हवा काढून घेतं. समासात मात्र मोकळेपणानं लिहावं. पण कौतुक लिहू नये, शंका लिहावी. ‘वा!’ हे वर्षभरानं काहीच सांगत नाही. ‘हे १९३०च्या आधी कसं शक्य?’ हे सांगतं.

(निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं आयुष्यभरात सुमारे ९०,००० टिपणपत्रं खोक्यांत जमवली होती, आणि आता त्याच्या खोक्यांची नक्कल करणारी संगणकीय साधनं शेकड्यानं आहेत. त्यांच्या मांडणीत जितका वेळ जातो तेवढ्यात दोन पुस्तकं वाचून होतील, असं माझं मत आहे. लुमान रोज लिहीत होता, म्हणून त्याला खोकं लागलं. उलट्या दिशेनं ते काम करत नाही.)

खतावणी म्हणजे पुस्तकवार नोंदी विषयवार खात्यांत चढवणं. वर्षभरात आठ-दहाच खाती उघडावीत: साथी, जमिनीची मालकी, भाषा, दुष्काळ, स्मरण, जे काही आपले विषय असतील ते. एका पुस्तकातून एका खात्यावर दोन-तीन ओळी, पान क्रमांकासह. हे काम महिन्यातून एकदा, तासाभरात होतं. कंटाळवाणं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण याच पायरीवर पुस्तकं एकमेकांशी बोलायला, बऱ्याचदा भांडायला लागतात. ‘दुष्काळ’ या खात्यावर एक लेखक पावसाला दोष देताना दिसतो, दुसरा धान्याच्या भावाला, आणि रोजकीर्दीत सात महिन्यांचं अंतर असल्यामुळे हा विरोध दिसलाच नव्हता.

इथेच एक मोठा सापळा सापडतो. एका विषयावर तीन पुस्तकं वाचावीत, एक जुनं मान्यताप्राप्त, एक नवं आणि एक विरोधातलं, हा सल्ला उत्तमच आहे. तिसरं पुस्तक निम्म्या वेळात होतं, कारण निम्मा मजकूर ओळखीचा झालेला असतो. पण तिघेही एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानण्याआधी तिघांच्या टिपा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. बऱ्याचदा तिघांनी एकाच अभ्यासाचा हवाला दिलेला असतो. मग ते तीन साक्षीदार राहत नाहीत. एकाच साक्षीदाराचं म्हणणं तीन वेळा ऐकलेलं असतं, इतकंच.

हवाल्याची साखळी किती लांब आणि किती पोकळ असू शकते याचं पालकाचं उदाहरण मला फार आवडतं. पालकात भरपूर लोह असतं हा समज एका दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, चिन्ह एक घर सरकलं आणि आकडा दहापट झाला, ही गोष्ट विज्ञानातल्या चुकांवरच्या कितीतरी पुस्तकांत आहे. ती लोकप्रिय झाली १९८१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका हलक्याफुलक्या लेखामुळे. माइक सटन या अपराधशास्त्रज्ञानं २०१०मध्ये ती मुळापर्यंत खणली, तर दशांशचिन्हाच्या त्या घोळाला कुठलाच आधार मिळेना. म्हणजे चूक कशी पसरते हे शिकवणारी गोष्टच न तपासता पसरली होती. प्रत्येक पुस्तकातला एकच दावा, जो ऐकून आपण सर्वाधिक चकित झालो तो, मुळापर्यंत शोधायचा, हा नियम यातून घ्यावा. वेळ लागतो वीस मिनिटं ते एक तास. टिपेचा क्रमांक बघायचा. मजकुरात क्रमांकच नसले तर मागे पान क्रमांक आणि वाक्याचे पहिले दोन-चार शब्द देऊन टिपा दिल्या आहेत का ते पाहायचं, या छुप्या टिपा पुष्कळांच्या लक्षातच येत नाहीत. तिथे मूळ संशोधन दिलं आहे की वर्तमानपत्रातला लेख की लेखकाचंच आधीचं पुस्तक, हे पाहायचं. शोधनिबंध असला तर निदान त्याचा गोषवारा वाचायचा, आणि अभ्यासात माणसं किती होती ते बघायचं. वीस असली तर आपला चकितपणा जपून खर्च करावा.

मानसशास्त्रावरच्या लोकप्रिय पुस्तकांना तर ही चाळणी लावलीच पाहिजे. २०१५मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय आला होता. पुनर्प्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच आला. इच्छाशक्ती ही वापरली की संपत जाते, ही कल्पना १९९८च्या, समोरची चॉकलेट बिस्किटं सोडून मुळे खायला लावणाऱ्या प्रयोगावर उभी राहिली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं यशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांत मुक्कामाला राहिली. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी २,१४१ माणसांवर ती तपासली तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. पुस्तकं मात्र अजून विकली जातात, नव्या मुखपृष्ठासह.

त्यामुळे वाचनवहीत पुस्तकाच्या नावापुढे वर्ष लिहायचं ते मूळ आवृत्तीचं, हातातल्या प्रतीचं नव्हे. श्रेयपानावर आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं दिलेलं असतं. पुनर्मुद्रणात सहसा काही बदललेलं नसतं. सुधारित आवृत्तीत बदललेलं असायला हवं, आणि ते कुठे बदललं हे नव्या प्रस्तावनेत सांगितलेलं नसेल तर ‘सुधारित’ या शब्दावर फार विसंबू नये. इंग्रजी पुस्तकांत त्या पानाच्या तळाशी एक ते दहा आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते. वर्ष का महत्त्वाचं? १९२३पासून जीवशास्त्राच्या पुस्तकांत माणसाची गुणसूत्रं ४८ छापली जात होती. ती ४६ आहेत हे १९५६मध्ये प्रसिद्ध झालं. मधली तेहेतीस वर्षं मन लावून वाचणारा वाचक मन लावून चुकीचं शिकत होता, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

अनुवादित पुस्तकांसाठी वहीत एक छोटा तक्ता चिकटवून ठेवावा: मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी म्हणजे एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. जर्मनमधलं ‘बिलियन’ मात्र इंग्रजी ट्रिलियनएवढं असतं. इंग्रजी बिलियनला ते ‘मिलियार्डे’ म्हणतात. मूळ जर्मन, मग इंग्रजी, मग मराठी असा प्रवास केलेल्या पुस्तकात हजारपटीची चूक लपायला जागा मिळते. तापमानातही असंच. तापमान ३.६ अंश फॅरनहाइटनं वाढलं, तर ते २ अंश सेल्सियसनं वाढलं. फरक बदलताना ३२ वजा करायचे नसतात. ज्यानं केले त्याच्या पुस्तकात पृथ्वी जवळजवळ सोळा अंशांनी थंड होईल.

विषयांचा तोल पाहायला ग्रंथालयातली दशांश पद्धत फुकटात कामी येते. मेल्विल ड्युईनं १८७६मध्ये मांडलेल्या या वर्गीकरणात ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आहेत. ३०० समाजशास्त्रांचा, ५०० विज्ञानाचा, ९०० इतिहास-भूगोलाचा, असे. यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढे त्याचा क्रमांक लिहावा, बऱ्याच इंग्रजी पुस्तकांच्या श्रेयपानावर तो छापलेलाही असतो. मग चित्र उघड होतं. ‘मी सगळं वाचतो’ म्हणणाऱ्याची अर्धी यादी १५८, ३३२.०२४ आणि ६५०.१ या तीन खणांत बसते: आत्मविकास, वैयक्तिक पैसा, कामातलं यश. वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली एकच पुस्तक सहा वेळा वाचलेलं असतं. उलट टोकाला ४०० आणि ५००च्या घरांत वर्षभर पाऊलही पडलेलं नसतं. सगळी घरं भरली पाहिजेत असं मुळीच नाही, तो हट्ट म्हणजे पारायण. फक्त रिकामं घर आपण ठरवून रिकामं ठेवलं की तिकडे कधी बघितलंच नाही, एवढं कळावं.

उरली अर्धवट सोडलेली पुस्तकं, ज्यांची उगाच लाज बाळगली जाते. नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचून ठरवा, पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. कथेसाठी नियम ठीक आहे. ललितेतराला मात्र तो बसत नाही, कारण पहिली पन्नास पानं हीच तिथली सर्वांत घासूनपुसून लिहिलेली असतात. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञानं २०१४मध्ये ई-पुस्तकांतल्या सर्वाधिक अधोरेखित ओळी कुठल्या पानांवर येतात हे गमतीनं मोजलं, तेव्हा सुमारे सातशे पानांच्या, त्या वर्षी जगभर गाजलेल्या अर्थशास्त्राच्या एका ग्रंथातल्या अशा पाच ओळींपैकी शेवटची सव्विसाव्या पानावर सापडली. एवढ्या चर्चेनंतर! म्हणून सुरुवातीची पन्नास पानं वाचून निर्णय घेण्यापेक्षा प्रस्तावना, शेवटचं प्रकरण, नामसूची आणि मधलं एखादं आपल्याला थोडंफार ठाऊक असलेल्या विषयावरचं प्रकरण वाचावं. ठाऊक असलेल्या विषयात लेखक ढिसाळ सापडला तर ठाऊक नसलेल्यात तो काटेकोर असेल असं मानायला काही आधार नाही. एवढं करून सोडलेलं पुस्तक यादीत ‘सोडलं’ म्हणून, कारणासह आणि वाचलेल्या पानांसह लिहावं. अशा दहा कारणांची ओळीनं यादी वाचली तर पुढच्या वर्षी काय विकत घेऊ नये ते कुठल्याही परीक्षणापेक्षा स्वच्छ कळतं.

हिशेब पुढे ओढताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुस्तकांची नावं लिहू नयेत. जुन्या वर्षात सुटले नाहीत असे तीन-चार प्रश्न लिहावेत, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर पडला ते. त्याखाली पुन्हा वाचायची दोन पुस्तकं. मागची सूची नीट केलेली असेल तर पुनर्वाचनाला दोन-अडीच तास लागतात, कारण खुणेच्या पानांभोवतीच फिरायचं असतं. आणि सगळ्यांत खाली बुडीत खातं: विकत घेतली, तीन वर्षं झाली, उघडली नाहीत. यांतली निम्मी तरी निर्लेखित करून देऊन टाकावीत. वाचून झालेलीही कुणाला द्यायची असतील तर आधी शेवटच्या पानावरची आपली सूची वहीत उतरवून घ्यावी, नाहीतर वर्षाची मेहनत पुस्तकाबरोबर दुसऱ्याच्या घरी जाते. खोडरबर घेऊन बसायची हौस असेल तर रेघा खोडाव्यात. समासातल्या शंका राहू द्याव्यात.